हवाई मंडळाचा होकार

बैलजोड्यांच्या शर्यतीचा शंकरपट बंद झाला नसता, तर आमच्या घरात विमानं शिरलीच नसती असं माझं स्पष्ट मत आहे.

आमचे हे, म्हणजे वामनराव, आणि अकोल्याचे गयासुद्दीनभाई, यांची मैत्री पटाच्या मैदानावरची. हे कृषी खात्यात नोकरीला आणि भाई सरकीचे व्यापारी. पण हिवाळा लागला की नोकरी आणि व्यापार दोन्ही मागं पडायचं. वऱ्हाडात जिथं बैलजोड्या पळतील तिथं हे दोघं हजर. जोड्या सुटायच्या जागी हे झेंडी घेऊन उभे, आणि शेवटच्या रेषेवर भाई घड्याळ घेऊन. मधल्या सगळ्या धुळीतून एकमेकांना हात करायचे. अशी चाळीस वर्षं काढली त्यांनी.

मग कोर्टानं पट बंद केले. त्या हिवाळ्यात ह्यांची जी अवस्था झाली ती मी कोणाला सांगितली नाही. खिडकीत बसून रस्त्यावरची मोकाट गुरं पाहायचे आणि त्यांच्या चालीवर मत द्यायचे. "हे गोऱ्हं उजवीकडं ओढते, वच्छला." मी म्हणायची, ओढू द्या. शेवटी आमच्या नातीनं, प्रणालीनं, त्यांचं मन रमावं म्हणून फोनवर एक व्हिडिओ लावून दिला. त्यात एक लढाऊ विमान धावपट्टीवरून सुटत होतं. ह्यांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला, आणि अकोल्याला फोन लावला.

"गयासभाई, जोडी पाह्यली काय? काय सुटते बापा!"

पुढं कोर्टानं पट परत सुरू केले. पण तोवर हे दोघं आभाळात गेले होते. ते काही खाली उतरले नाहीत.

बोलण्याची रीत मात्र पटाचीच राहिली. सुखोई म्हणजे अंगानं भरलेला, ओझ्याचा बैल, पण वळताना पाहून घ्यावा. राफेल बांधेसूद, खुराक महाग. तेजस घरच्या गाईचं गोऱ्हं, त्याला परक्या माणसानं नावं ठेवायची नाहीत. मिग-२१ म्हणजे वाड्यातला म्हातारा बैल. तो सप्टेंबरात निवृत्त झाला त्या दिवशी ह्यांनी दाढी केली नाही. भाईंचा अकोल्याहून फोन आला, "वामनराव, घर का बुजुर्ग गया," आणि मग दोघंही फोन कानाला लावून गप्प. मी घाबरून विचारलं, कोण गेलं? सांगितल्यावर मी परत स्वयंपाकघरात गेले. वरण उतू जात होतं.

मागं माझ्या चुलत दिराच्या तेरवीला दोघं शेजारी शेजारी जेवायला बसले. वरणाची वाटी हे आपलं विमान, बुंदीचा लाडू हे समोरचं. मधे भजं, ते क्षेपणास्त्र. भजं किती कोसांवरून सुटतं यावर आवाज इतका चढला की आतून माझी जाऊ रडणं थांबवून बाहेर आली. तिला वाटलं, शेताच्या हिश्श्यावरून सुरू झालं.

त्यांनी फोनवर एक ग्रुपही काढला आहे, वऱ्हाड हवाई मंडळ. अकोल्याच्या गच्चीवर भाई खुर्ची टाकून दुर्बीण घेऊन बसतात. आभाळात पांढरी रेघ दिसली की ग्रुपवर लिहितात, "दोन पंछी, पूर्वेकडे, उंच." थोड्या वेळानं हे इथं अमरावतीला अंगणात जाऊन लिहितात, "पोचले." एकदा प्रणालीनं फोनवर काढून दाखवलं की ते मुंबईहून कोलकात्याला जाणारं प्रवासी विमान होतं. भाई दुसऱ्या टोकाहून हसले. "बेटी, फौजी इमान असं प्रवासी म्हणूनच दाखवतात."

विमानांचं मला नवल नाही. एकाहत्तरच्या लढाईत मी अकोल्याला माहेरी होते. बाबांनी खिडक्यांच्या काचांना काळे कागद डकवले. तसं कोणी सांगितलं होतं की नाही, देव जाणे. अकोल्यावर कोण कशाला बॉम्ब टाकेल असं आईनं विचारलं तर बाबा म्हणाले, "काऊन? आपल्याकडं कापसाचं जिनिंग नाई काय?" अंगणात खंदकही खणून घेतला होता. लढाई संपल्यावर त्यात केळी लावल्या. तशी गोड केळी मी पुढं खाल्ली नाहीत.

तर अशा घरात, परवाच्या हिवाळ्यात, प्रणाली माझ्याजवळ ओल्या तुरीच्या शेंगा सोलायला येऊन बसली. ही मुलगी शेंगा सोलायला आपण होऊन बसत नाही, तेव्हाच मी ओळखलं.

"आजी, माझ्यासाठी अकोल्याचं एक स्थळ येऊन राहिलं."

"कोणी आणलं?"

"आणलं म्हणजे... मीच आणवून राहिली."

मुलाचं नाव रोहित. कॉलेजात तिच्या एक वर्ष पुढं होता. वडील गोपाळराव, अकोल्यात बी-बियाण्याचं दुकान. मुलगा शांत, निर्व्यसनी, आणि दोघांचं आधीच ठरलेलं. आता मोठ्यांनी ते नव्यानं ठरवायचं होतं इतकंच.

"मग अडचण काय?"

"आजी, तो हवाई दलात आहे."

माझ्या हातातली शेंग तशीच राहिली. "आबाजीला सांगितलं?"

"नाही ना. ते त्याला विमानांचंच विचारत बसतील, त्याचीच तर भीती आहे."

भीती खरी होती. आमच्याकडं मुलीचा होकार घरातला सगळ्यात मोठा माणूस कळवतो. पसंत-नापसंत बाकीच्यांनी करावी, पण समोरच्या घरी 'हो' हा शब्द पोचवायचा तो त्यानंच. प्रणालीचा बाप गजेंद्र, माझा मुलगा, मोठा साहेब झाला तरी ही रीत मोडत नाही. आणि रोहितच्या घरी त्याच्या आईनं, गीतांजलीबाईंनी, खामगावची एक मुलगी हेरून ठेवली होती. रोहितनं आईला शब्द दिला होता, की पुढच्या शनिवारपर्यंत अमरावतीचा होकार आला नाही तर तो तिच्यासोबत खामगावला येईल. लगेच दुसऱ्या दिवशी, रविवारी, त्याची सुट्टी संपत होती. त्यानंतर मुलगा कधी येईल, कुठून येईल, कोणी सांगू शकत नव्हतं.

ह्यांना सांगितलं तेव्हा हे खुर्चीतून उठले. "हवाई दलात? आपल्या घरी?" आणि पहिला फोन मुलाला नाही, मुलाच्या बापालाही नाही, गयासुद्दीनभाईंना.

पाहण्याचा कार्यक्रम त्याच्या आदल्याच रविवारी ठरला. भाई पाहुण्यांच्याही आधी सकाळच्या एसटीनं अकोल्याहून आले, अंगात शेरवानी. सून रागिणीनं कोथिंबिरीची सांभारवडी केली होती, मी दह्यातला गिला वडा केला होता. प्रणाली फिक्या जांभळ्या साडीत. पण तिच्याकडं पाहायला कोणाला सवडच झाली नाही. सोफ्यावर मध्ये रोहित, त्याच्या उजवीकडं हे, डावीकडं भाई. पाहायला आणलं होतं ते त्यालाच.

"मंग रोहितराव," ह्यांनी सुरुवात केली, "कोनतं इमान तुमच्याकडं?"

"माझ्याकडं विमान नाही आबाजी. मी हवामान विभागात आहे. ढग, वारा, पाऊस."

ह्यांचा चेहरा पडला. पण भाई सावकाश हसले. "हवामान."

"हो चाचा."

"म्हंजे आभाळात काय चालू हाये, ते तुमी पाह्यता."

"हो, तसंच म्हणायचं."

"समजलं," भाई म्हणाले, आणि त्यांनी ह्यांच्याकडं पाहून एक डोळा बारीक केला. ह्यांचा चेहरा परत वर आला. पावसापाण्याचा साधा धंदा त्या पोराचा, पण या दोघांनी तिथंच त्याला कुठल्या तरी रडारवर नेऊन बसवलं.

मग प्रश्नांचा भडिमार. ब्रह्मोस खरंच किती लांब जातं? माहीत नाही. राफेलवरचं क्षेपणास्त्र आधी पोचतं की समोरच्याचं? सांगता येत नाही. सध्या तुमची नेमणूक कुठं? ते नाही सांगता येत आबाजी. बरं, तिथं थंडी किती असते? रोहित थोडा घुटमळला आणि म्हणाला, तेही नको.

"जेवण कसं असते?" मी विचारलं.

"जेवण चांगलं असतं आजी."

"चला, एक तरी कळलं."

गोपाळराव बिचारे ओशाळून म्हणाले, "आमाले बी काई सांगत नाई जी तो. हवामानात हाये, पन घरी आला का मलेच इचारते, बाबा, पाऊस कसा हाये म्हनून."

तेव्हा भाईंनी पट्टीच्या माणसाचा डाव टाकला. वडीचा तुकडा तोडत, अगदी सहज म्हणाले, "राफेलले तीन इंजिनं असतात, नाई का?"

रोहितचे कान लाल झाले. त्यानं पाण्याचा पेला उचलला, घोट घेतला आणि खिडकीबाहेर पाहत राहिला. 

"दोन!" हे ओरडले. "दोन असतात, गयासभाई! तुमी काय बोलून राह्यले?"

"मले मालूम हाये दोन असतात," भाई दातओठ खात म्हणाले. "मी त्याले इचारत होतो."

एवढ्यात वरून घरघर ऐकू आली. भाई वडी तशीच टाकून गॅलरीत धावले, मान वर केली, आणि परत येऊन फोनवर बोटं चालवायला लागले.

"चाचा," रोहित पहिल्यांदाच आपण होऊन बोलला, "हे तुम्ही कुठं लिहिता?"

"मंडळाच्या ग्रुपवर. सगळे आपलेच मानसं हाये."

"कोण कोण आहेत?"

"मी, वामनराव, पंजाबराव, अचलपूरचे मास्तर... आनं वामनराव, तो एक कोन हाये हो? नाव नाई, नुसतं टिंब हाये तो?"

"तो तुमच्या वळखीचा ना?"

"नाई बा. मले वाटलं तुमच्या."

दोघं एकमेकांकडं पाहत राहिले. रोहितनं कप खाली ठेवला. "चाचा, आबाजी, एक विनंती करतो. विमान कुठून निघालं, कुठं गेलं, हे असं लिहीत जाऊ नका. कोणतंही."

 गीतांजलीबाईंनी पदराआडून मुलाला चिमटा काढलेला मी पाहिला. दाराशी उभ्या प्रणालीनं डोळे मिटले. सत्तरी उलटलेल्या दोन माणसांना त्यांच्याच घरी बसून, पाहायला आलेल्या मुलानं असं सांगावं! मला वाटलं, गेलं हे स्थळ.

पाहुणे गेल्यावर दोघं ओसरीवर बसले. मी चहा घेऊन गेले ती तिथंच थांबले.

"पोट्ट्याले काईच येत नाई," हे म्हणाले. "एका सवालाचं उत्तर नाई. स्टोअरात पोते मोजत असंन."

भाईंनी बशीत चहा ओतला. "वामनराव, पटाले जोडी आनून जो टपरीवर सांगत फिरते का माही जोडी सात सेकंदात येते, तो कधी जितला काय?"

"नाई."

"कोन जितते?"

"जो म्हनते, चालतात जी कशेबशे."

"मंग?"

ह्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तीन इंजिनावर बी नाई बोलला."

"कान लाल झाले होते त्याचे. पन बोलला नाई. खानदानी पोट्टा हाये. आनं वामनराव, त्यानं आपल्याले हुकूम देल्ला."

"इनंती म्हने तो."

"फौजी मानूस इनंती म्हनते ना, तवा तो हुकूमच असते."

दोघांची पाठ एकदम ताठ झाली. ग्रुप तिथंच बंद केला. आयुष्यभर झेंडी आणि घड्याळ धरणाऱ्या या दोन माणसांना हवाई दलाकडून पहिल्यांदाच काहीतरी सांगण्यात आलं होतं, आणि ते म्हणजे गप्प बसा. निघताना भाईंनी ह्यांचा हात धरला आणि हळूच म्हणाले, "आता तोंड बंद." हे म्हणाले, "एकदम."

मी आत जाऊन प्रणालीला सांगितलं, जमलं. तिनं माझा मुका घेतला. इथं माझं चुकलं. तोंड बंद म्हणजे किती बंद, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी गोपाळरावांचा फोन आला. ह्यांनी रीतसर चष्मा लावला, फोन घेतला.

"वामनरावजी, मंग काय ठरलं तुमचं?"

"ते आता सांगता येत नाही," हे पुस्तकी मराठीत म्हणाले.

"म्हंजे? इचार चालू हाये काय?"

"तेही सांगता येत नाही. योग्य वेळी कळवण्यात येईल." आणि फोन ठेवला.

रागिणीच्या हातून परात पडली. मी म्हटलं, "अहो, हो म्हणायचं होतं ना?"

"फोनवर? वच्छला, लोक आयकतात."

"कोण लोक?"

ह्यांनी खिडकीकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "टिंब."

मग तो आठवडा कसा गेला ते आम्हालाच माहीत. घरातलं सगळंच गोपनीय झालं. पिशवी घेऊन निघाले की कुठं चाललात विचारावं, तर "सांगता येत नाही." आणि तासाभरानं कटिंग करून परत. गजेंद्र कधी नाही तो बापासमोर आवाज चढवून म्हणाला, "बाबा, मी मुलीचा बाप आहे. पसंत आहे की नाही, मला तरी सांगा."

"ज्याची गोष्ट त्यालेच सांगाची असते, गजू. तुले सांगतली का तू हापिसात सांगशीन."

"माझी गोष्ट नाही ही?"

"तुही कशी? लगन तुह्यं हाये काय?"

गजेंद्र माझ्याकडं पाहायला लागला. मी काय करू? मी पन्नासहून जास्त वर्षं यांच्याशी संसार केला आहे. हे हट्टाला पेटले की पटातल्या जोडीसारखे, रेषा ओलांडल्याशिवाय थांबत नाहीत. आणि यावेळी रेषा कुठं आहे, तेच कळत नव्हतं.

मधल्या एका दुपारी अकोल्याहून सुरैय्याभाभींचा फोन आला, गयासुद्दीनभाईंच्या बायकोचा. आम्ही दोघी तितक्याच जुन्या मैत्रिणी, पटाच्या दिवसांत दोघींनी सारखीच धूळ धुतली.

"वच्छलाभाभी, तुमच्याकडं काय हाल है?"

"बोलत नाहीत."

"इथं बी तेच. मी इचारलं, पोट्टा कैसा था? तर म्हनतात, कौनसा पोट्टा? मी म्हटलं, ज्यासाठी शेरवानी घालून गेले होते तो! तर म्हनतात, मी कुठं गेलोच नव्हतो."

"अगंबाई."

"आनं काल तुमच्या ह्यांच्याशी फोनवर बोलत होते. 'माल पास है, वामनराव, माल पास है.' मला वाटलं, या उमरमध्ये पुन्हा सरकीचा धंदा चालू केला का काय!"

मी खाली बसले. "भाभी, म्हणजे पसंत आहे!"

"मग हो म्हनून टाका ना तुमी."

तेवढंच तर चालत नव्हतं. तरी मी गीतांजलीबाईंना फोन केला. त्या फार अदबीनं बोलल्या. "काकू, तुमचा शब्द आहेच हो. पण वामनरावजी काय म्हणाले?"

"ते म्हणत नाहीत."

"मग कसं करावं? आमच्या ह्यांना मोठ्या माणसाचाच शब्द लागतो. आणि खरं सांगू का, ज्यांना नाही म्हणायचं असतं ते असंच 'कळवू' म्हणतात. आम्हाला राग नाही. रोहितच जरा जास्त बोलला त्या दिवशी." शेवटी म्हणाल्या, "उद्या सकाळी खामगावला निघतो आम्ही."

आजूबाजूला हे असतात याची पर्वा न करता प्रणाली त्या संध्याकाळी माझ्या खोलीत येऊन रोहितशी भांडली. तिचं म्हणणं साधं होतं. आबाजी फक्त तुझंच ऐकतील. तू फोन कर, सांग की हवाई दलाकडून आता बोलायला परवानगी आहे.

रोहितचा आवाज मलाही ऐकू येत होता. "असं नाही करता येणार. मला तसा अधिकार नाही. मी ढग पाहणारा माणूस आहे. आबाजींना फसवून होकार घ्यायचा?"

"मग जाय खामगावले!" प्रणालीनं फोन पलंगावर फेकला आणि उशीत तोंड घातलं.

मी तिच्या पाठीवरून हात फिरवत बसले. मला आमचं पाहणं आठवलं. माझ्या वेळी मुलानं मान वर करायची नाही, तिथं विचारायचं कुठलं? ह्यांचे काका बोलले, माझे बाबा बोलले, सुपारी फुटली. पुढं कितीतरी वर्षांनी, एकदा भांडणात, मी म्हटलं, नसेल पसंत तर तेव्हाच सांगायचं होतं. तर हे म्हणाले, मला कोणी विचारलंच नव्हतं. प्रणालीला हे सांगावं की नाही ते मला ठरवता येईना, म्हणून मी फक्त हात फिरवत राहिले.

शनिवारी सकाळी फाटक वाजलं. रागिणीनं पडदा सारून पाहिलं आणि म्हणाली, "आई, मुलगा आला. एकटाच."

एकटाच! बाप नाही, मामा नाही, मध्यस्थ नाही. असं कोणी येत नाही. हातात अकोल्याहून आणलेली पेरूची पिशवी, बसमध्ये दबलेली. हे बनियनवर पेपर वाचत होते. घाईनं सदरा चढवला, मुलाला आतल्या खोलीत नेलं, खिडकी लावली, स्वतःचा फोन बंद करून डब्यात घातला आणि डब्याला झाकण लावलं. मी आणि रागिणी दारात. आमच्या मागं प्रणाली. आम्हाला जा म्हणायचं त्यांना गडबडीत सुचलं नाही.

"बोला," हे म्हणाले.

रोहित बसला नाही. "आबाजी, मला प्रणालीशी लग्न करायचं आहे. तुमचा होकार आहे की नाही?"

ह्यांनी त्याच्याकडं रोखून पाहिलं. "हे कोन इचारून राह्यलं? तुमचे वडील?"

"नाही. मीच विचारतो आहे."

"कोनासाठी?"

"माझ्यासाठी."

ह्यांनी डोकं खाजवलं. डब्याकडं पाहिलं, खिडकीकडं पाहिलं. 

"मंग काई हरकत नाई," हे म्हणाले. "ज्याची गोष्ट त्याले सांगता येते. हो हाये. गेल्या रविवारपासून हो हाये."

"रविवारपासून!" रागिणी ओरडली. सासऱ्यासमोर तिचा आवाज मी लग्नानंतर पहिल्यांदाच ऐकला.

प्रणाली आम्हाला बाजूला सारून पुढं आली. डोळे रडून सुजलेले. "आबाजी! मग मला का नाही सांगितलं? माझी गोष्ट नव्हती ती?"

हे गडबडले. मग अगदी खऱ्या मनानं म्हणाले, "तू मले इचारलंच कुठं, माय? तू आजीले इचारे, आजी भाभीले इचारे, तुहा बाप मले इचारे. तू इचारलं असतं तर तवाच सांगतलं असतं."

 खरंच होतं ते. साऱ्या आठवड्यात, ज्या दोघांचं लग्न होतं त्यांपैकी एकानंही ह्यांना विचारलं नव्हतं. रोहित आता कुठं खाली बसला. मी पाणी आणायला वळले तर डोळ्यांतच पाणी आलं. पेरूच्या पिशवीत तोंड घालून मी ते पुसलं.

चहा झाला. निघताना ह्यांनी रोहितचा खांदा धरला. "आता हे बाहेर जाता कामा नाई. गयासभाईले मी आपल्या पद्धतीनं कळवतो. बाकी कोनाले नाई."

"हो आबाजी," रोहित म्हणाला. त्यानं आमच्या पाया पडून फाटक लावलं, आणि कोपऱ्यावरच्या पिंपळाखाली पोचायच्या आत फोन कानाला लावला. मी गॅलरीतून पाहिलं. बोलणं काही ऐकू आलं नाही, पण तो हसत होता, आणि एका हातानं फोन धरून दुसऱ्या हातानं रिक्षा थांबवायचं विसरला होता.

डब्यातला फोन काढून मी चालू केला होता. हे जेवायला बसणार तोच तो खणखणला. गयासुद्दीनभाई. ह्यांनी फोन लांब धरला, तरी आवाज स्वयंपाकघरात येत होता.

"वामनराव! इथं गोपाळरावच्या दुकानापुढं पेढे वाटून राह्यले! मले बी देल्ला एक! कोनं फोडलं?"

हे खुर्चीवर बसले. 

"हवाई दलातूनच फुटलं, गयासभाई."

 मग भाईंचा पडलेला आवाज आला, "मंग... आता मी सुरैय्याले सांगू काय?"

"थांबा. इचारून सांगतो," हे म्हणाले, आणि रोहितला गाठायला चप्पल न घालताच फाटकाकडं निघाले.

मी त्यांच्या हातातून फोन घेतला. "भाई, भाभींना द्या."

सुरैय्याभाभी तिथंच उभ्या असाव्यात. "भाभी," त्या म्हणाल्या, "माझं मुँह तर कडवं झालं हप्तेभर. आता सांगा, हळदीला पिवळी नेसू का हिरवी?"